पन्नासावा वाढदिवस आणि हरवलेली मैत्रीण, कशी शोधू?

मासुंदाकाठ (5 ऑक्टोबर, रात्री 10:40)

नमस्कार मंडळी. येत्या 18 डिसेंबरला मला पन्नास पूर्ण होतील. नवरा आणि मुलगी घोडबंदर रोडला हॉल बघून आलेत. चाळीस-पन्नास माणसं, केटरर, लहानपणापासूनच्या फोटोंचा पडदा असा सगळा बेत आहे. हौसेनं करतायत, मला आनंदच आहे. पण पाहुण्यांची यादी करायला बसले आणि पहिलं जे नाव मनात आलं, त्याच्यापुढे लिहायला माझ्याकडे ना फोन नंबर होता, ना पत्ता.

1993 ते 96 मी चेंदणी बंदर रोडच्या बांदोडकर कॉलेजला होते. पहिल्या आठवड्यात लायब्ररीचा फॉर्म भरत होते, तेव्हा शेजारची मुलगी माझ्या फॉर्ममध्ये डोकावली आणि म्हणाली, "माझी तारीख का लिहितेस?" तिची जन्मतारीखही 18-12-75! त्या दिवसापासून वर्गात आमचं नाव 'जुळ्या' पडलं. इथेही तिला जुळीच म्हणते.

तिन्ही वर्षं वाढदिवस एकत्र. कॉलेज सुटलं की चालत मामलेदार कचेरीशेजारी जायचं, दोघींत एक मिसळ, पाव मात्र जास्तीचे. मग तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून एकमेकींना भेट द्यायची. भेट दहा रुपयांच्या आतलीच हवी, असा आमचा नियम होता. एका वर्षी तिनं मला निळ्या शाईची दौत दिली होती. ती रिकामी दौत माझ्या कपाटात अजून आहे, तळाशी शाईचा वाळलेला निळा गोल आहे.

1999 ला तिचं लग्न झालं, सासर पनवेलकडे. मी लग्नाला गेले होते. पुढे दोन पत्रं आली. मग आमची बदली नाशिकला झाली, मुलगी झाली, आणि कधी तुटलं ते मला नीट सांगताही येणार नाही. भांडण काही झालं नाही. आता आमच्या बॅचच्या ग्रुपवर 64 जण आहेत, त्यात ती नाही. सासरी तिचं पहिलं नावही बदललं होतं. ताटात तांदळावर लिहिलेलं मी वाचलंय, पण काय होतं ते आठवत नाही. फेसबुकवर माहेरच्या नावानं कितीतरी वेळा शोधून झालं.

तिला कसं शोधायचं? आणि सव्वीस वर्षांनी असं अचानक दारात उभं राहणं बरोबर आहे का?

---

पारसिककर

जुन्या डायरीत माहेरचा लँडलाईन असेल तर बघा. तेव्हाचे ठाण्याचे नंबर सात आकडी होते, 53 किंवा 54 ने सुरू होणारे. 2002 च्या सुमारास सगळ्यांच्या आधी 2 लागला. म्हणजे 534 असेल तर 2534 करून फिरवा. मी असाच एका मित्राच्या घरी लावला होता, त्याच्या वडिलांनी उचलला आणि आवाजावरून मला ओळखलं.

---

साधा माणूस

ताई, वेगळं मत मांडतो, राग मानू नका. जुनं जिथे थांबलंय तिथेच राहू द्यावं.

आमच्या बॅचची पंचवीस वर्षांनी भेट झाली, वाशीला. महिनाभर आधीपासून ग्रुपवर नुसता उत्साह. प्रत्यक्षात पहिल्या अर्ध्या तासात कोणाचा फ्लॅट किती खोल्यांचा, कोणाचा मुलगा कुठल्या देशात, हे झालं. मग एकानं गुंतवणुकीची योजना काढली. माझा जो सगळ्यात जवळचा मित्र होता, तो माझ्याशी पाच मिनिटं बोलला आणि फोन घेऊन बाहेर गेला. एका रूमवर चार वर्षं राहिलो होतो आम्ही. घरी येताना पाम बीच रोडवर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसून होतो. न भेटतो तर माझ्या मनातला तो मित्र तरी शाबूत राहिला असता.

---

चेंदणीची लेक

मासुंदाकाठ, तुमच्या ग्रुपवर 64 पैकी बायका किती? आमच्या ग्रुपवर 50 जणांत 9 आहोत. वर्गात मुली निम्म्याहून जास्त होत्या!

मुलांचं आडनाव तेच राहतं, घर बहुतेक तेच, जुना मित्र हाक मारायचा तो नाकाही तोच. पोरी मात्र लग्नाच्या एका दिवसात नाव, आडनाव, गाव असं सगळं बदलून जातात. नंतर त्यांना शोधणार कोण आणि कशावरून? माझ्या आईच्या मैत्रिणी तर तिला आयुष्यात परत कधी भेटल्याच नाहीत. ती 78 ची आहे, अजून शाळेतल्या एका मुलीचं नाव घेते. म्हणून साधा माणूस यांचं म्हणणं मला पटत नाही. ज्यांना भेटून निराश व्हायची तरी संधी मिळाली ते नशीबवान.

शोधा. नक्की शोधा.

---

मासुंदाकाठ

@चेंदणीची लेक, आत्ता मोजून आले. सतरा.

@पारसिककर, डायरी माळ्यावर आहे, उद्या काढते.

---

नेरूळवासी

मधेच एक. त्या काळी ठाण्याहून पनवेल आजच्यासारखं जवळ नव्हतं, हेही लक्षात घ्या. ठाणे-वाशी लोकल 2004 ला सुरू झाली. त्याआधी एक तर कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडा, नाहीतर बस. तान्हं मूल घेऊन एका मैत्रिणीकडे जायला अख्खा दिवस मोडायचा. दोघींपैकी कोणाचीच त्यात चूक नाही.

---

घोडबंदर 40 फुटी

आमच्या ग्रुपवर 1 जूनला अकरा वाढदिवस असतात! गुरुजींनी शाळेत घालताना वय बसवायला सरसकट 1 जून लावली. सकाळी सहापासून जो तो दुसऱ्याला शुभेच्छा देतो आणि संध्याकाळपर्यंत कोण कोणाला काय म्हणालं ते कळेनासं होतं. गेल्या वर्षी मात्र एकानं गावच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा खरा दाखला काढला. तो निघाला फेब्रुवारीचा. आता त्याला दोन्ही दिवशी पार्टी द्यावी लागते.

---

पंचांगप्रेमी

मासुंदाकाठ, 18 डिसेंबर 1975 म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. तारीख आणि तिथी साधारण दर 19 वर्षांनी पुन्हा एकत्र येतात, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तुमची 18 डिसेंबर 1994 लाही पौर्णिमाच होती, आणि वार रविवार. या वर्षी मात्र मार्गशीर्ष पौर्णिमा 4 डिसेंबरला येते. तिथीनं औक्षण करून घ्यायचं असेल तर ते दोन आठवडे आधीच.

---

मासुंदाकाठ

पंचांगप्रेमी, तुम्ही काय आठवण करून दिलीत! 1994 चा तो रविवार. माझी आई तिथीनं ओवाळायची आणि तिचीही. त्या वर्षी तारीख-तिथी एकच आली म्हणून दोघींच्या आयांनी ठरवून आमच्या घरी एकत्र ओवाळलं होतं. दोन पाट शेजारी मांडले. निरांजन, सुपारी, अक्षता सगळं एकाच तबकात, आणि अंगठी माझ्या आईची, कारण तिच्या आईची त्या वेळी गहाण होती. हे मला खूप नंतर कळलं. एकोणीस वर्षांच्या पोरींना असल्या गोष्टी दिसत नाहीत. आई जाऊन आता सहा वर्षं झाली, ती अंगठी माझ्या बोटात आहे.

---

नवी पिढी कोपरखैरणे

आमची बॅच 2016 ची आहे. ठरवून भेटणं कधीच जमत नाही, पण दिवाळी पहाटेला राममारुती रोड आणि तलावपाळीला सगळे येतातच. फोन न करता चार-पाच जण तरी भेटतात. ताई, यंदा 20 तारखेला येऊन बघा, कोण जाणे!

---

पारसिककर

@नवी पिढी, त्या गर्दीत मला माझी बायको सापडत नाही हो.

---

सागर विहार सकाळ

ग्रुपवरच्या केकच्या चित्रांना सगळे नावं ठेवतात, म्हणून थोडं लिहितो.

आमचा एक मित्र 2017 मध्ये गेला. हृदयविकाराचा झटका, वय 44. त्याचा वाढदिवस 9 ऑगस्ट. पुढच्या वर्षी त्या दिवशी फेसबुकनं सगळ्यांना आठवण पाठवली आणि दोघा-तिघांनी नकळत 'हॅपी बर्थडे मित्रा' असं लिहिलंही. ग्रुपवर एकदम शांतता झाली. मग एकानं विचारलं, काकू आज काय करत असतील?

आम्ही तिघं संध्याकाळी कोपरीला गेलो. काही ठरवून नव्हे, हातात नुसती केळी. काकूंनी दार उघडलं, आत शेवयांची खीर तयार होती. त्यांनी ती केलीच होती, खायला कोणी नव्हतं. "वाटलं, कोणी तरी येईल," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून दरवर्षी 9 ऑगस्टला जातो. करोनाची दोन वर्षं व्हिडिओवर भेटलो, त्या खिरीचं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरायच्या. आता कधी पाच जण असतो, कधी दोनच. काकू 81 च्या आहेत. गेल्या वर्षी त्यांना हजार पौर्णिमा पूर्ण झाल्या, तेव्हा सहस्रचंद्रदर्शन आम्हीच केलं. लेकाच्या जागी आम्ही सात जण बसलो होतो.

हे सगळं त्या फेसबुकच्या आठवणीमुळे सुरू झालं. केकचं एक चित्र का होईना, पाठवत जा.

---

चेंदणीची लेक

सागर विहार, वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. काकूंना नमस्कार सांगा.

---

घोडबंदर 40 फुटी

नमस्कार आमचाही.

थोडा विषय बदलतो. तोंडाला केक फासणं आणि अंडी फेकणं बंद झालं पाहिजे, असं कोणाकोणाला वाटतं? परवा आमच्या सोसायटीच्या गेटवर कॉलेजच्या मुलांनी दीड किलोचा केक एकाच्या डोक्यावर ओतला. सकाळी झाडूवाल्या मावशी फरशी खरवडत होत्या.

---

नवी पिढी कोपरखैरणे

काका, मित्रांतली मजा असते ती. वर्षातून एकदा.

---

घोडबंदर 40 फुटी

मजा करा की! पण मावशींना वरचे पैसे कोणी दिले का? त्या केकच्या पैशांत सगळी टोळी मिसळ खाऊन आली असती.

---

नवी पिढी कोपरखैरणे

हे मात्र बरोबर. आमच्या नोव्हेंबरच्या वाढदिवसाला मिसळ, ठरलं.

---

नौपाडा तिसरी पिढी

ताई, माहेरचं घर नौपाड्यात होतं का? असेल तर इमारत पाडून पुनर्विकासाला गेलेली असण्याची शक्यता दाट आहे. आमच्या गल्लीत चार वर्षांत सहा इमारती पडल्या. वॉचमनला विचारून उपयोग नाही, तो नवा असतो. पिठाच्या गिरणीत विचारा. माणसं डोंबिवलीला जावोत नाहीतर कासारवडवलीला, चकलीची भाजणी दळायला जुन्या गिरणीतच येतात, कारण गिरणीवाल्याला त्यांची भाजणी किती बारीक ते माहीत असतं. आणि दिवाळी पंधरा दिवसांवर आहे. हीच वेळ आहे.

---

पारसिककर

तिसरी पिढी, दंडवत! हे मला सुचलं नसतं.

---

साधा माणूस

सागर विहार यांचं वाचलं. दोन दिवस डोक्यात आहे. माझ्या त्या मित्राचा वाढदिवस 22 ऑक्टोबरला असतो. ग्रुपवर मी हात जोडलेलं चित्र टाकतो, बस. वाशीच्या भेटीनंतर मी त्याला एकदाही फोन केलेला नाही. तो फोन घेऊन बाहेर का गेला, हे मी त्याला कधी विचारलंच नाही, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय.

---

मासुंदाकाठ (11 ऑक्टोबर)

मंडळी, सांगते.

डायरी सापडली. 2 लावून फोन केला, 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' इमारतीच्या जागी गेले, पत्र्याचं कुंपण आणि आत खोल खड्डा. खूप वाईट वाटलं. त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा कोपरा तुटका होता, अंधारातही पाय आपोआप तिथून आत पडायचा. तो जिनाच नाही.

मग समोरच्या गिरणीत गेले. पिठानं पांढरे झालेले काका डबे लावत होते. आडनाव सांगितलं, तर म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरचे ना? वहिनी गेल्याच रविवारी भाजणी ठेवून गेल्या. आता सुनेबरोबर येतात, कळव्याला असतात." डबा तिथेच होता! स्टीलचा, झाकणावर सुईनं कोरलेलं नाव. जुळीच्या आईचं नाव. मी डबा हातात घेतला, तो अजून कोमट होता. काकांना माझा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी झाकणाखाली ठेवली आणि डबा सुतळीनं बांधला.

आता वाट बघते आहे.

---

नौपाडा तिसरी पिढी

अरे वा!! अंगावर काटा आला.

---

चेंदणीची लेक

ताई, फोन चार्ज करून जवळ ठेवा. आम्हीही वाट बघतोय.

---

खारघर टेकडी

फोन आला तर लगेच हॉलचं आमंत्रण देऊ नका, असं मला वाटतं. माझी रूममेट अठरा वर्षांनी सापडली तेव्हा मी तिला थेट माझ्या वाढदिवसाच्या पार्टीला बोलावलं. आली, पण तीस अनोळखी माणसांत कोपऱ्यात बसून राहिली. मी यजमान, सारखी इकडून तिकडे. तिची नोकरी गेली होती आणि भेट काय आणायची याचाच तिला ताण आला होता, हे तिनं नंतर सांगितलं. पहिल्यांदा दोघीच भेटा. कुठे, ते तिला ठरवू द्या.

---

मासुंदाकाठ (14 ऑक्टोबर)

काल रात्री नऊ वाजता फोन आला. अनोळखी नंबर. मी "हॅलो" म्हटलं, तर पलीकडून, "माझी तारीख का लिहितेस?"

मला बोलताच येईना. दीड तास झाला. नवऱ्यानं आणि मुलीनं भात लावून जेवूनही घेतलं.

ती पनवेललाच आहे, जुन्या पनवेलमध्ये. तिनंही मला शोधलं होतं, माझ्या माहेरच्या नावानं! सासरे तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत, सकाळची बाई दुपारी बाराला जाते, त्यानंतर तिला घर सोडता येत नाही. कोणाच्या समारंभाला गेली नाही म्हणून लोकांनी बोलावणंही सोडलंय, असं म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सहज. खारघर टेकडी, तुमचं ऐकून मी हॉलचा विषयच काढला नाही, फार बरं झालं. मीच तिच्याकडे जाणार आहे. घरचा समारंभ होऊ दे त्यांच्या हौसेनं, पण 18 तारखेची दुपार माझी आणि तिची.

एक राहिलं. मी तिला विचारलं, की तू मला शाईची दौत दिलीस, त्या वर्षी मी तुला काय दिलं होतं? मला आठवत नव्हतं. म्हणाली, "पोस्टाची दहा आंतरदेशीय पत्रं. त्यातली दोन तुला आली. आठ अजून आहेत."

---

सागर विहार सकाळ

आठ कोरी पत्रं. काय बोलू!

---

पंचांगप्रेमी

मनापासून अभिनंदन. मात्र एक सांगायला हवं. यंदा 18 डिसेंबर हा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे. मैत्रीण गुरुवार करत असेल तर त्या दिवशी उद्यापन आणि दिवसभर उपवास.

---

मासुंदाकाठ

अगं बाई! करतेच ती, तिच्या सासूपासून आहेत घरात. आत्ता मेसेज केला. उत्तर आलं: "गुरुवारी ये, रताळ्याचा कीस खाऊ. आणि रविवारी 21 ला परत ये, मिसळ घेऊन. सव्वीस वर्षं बाकी आहेत."

मिसळ ठाणे ते पनवेल नीट जाईल का हो?

---

साधा माणूस

जाईल. रस्सा, उसळ, फरसाण सगळं वेगळं बांधून घ्या, कांदा तिकडे चिरा, पाव पनवेललाच ताजे घ्या. तर्री काचेच्या बरणीत न्या, पिशवीत नको.

आणि ताई, 22 तारखेची वाट न बघता मी काल फोन केला. त्या दिवशी वाशीला त्याच्या आईचे रिपोर्ट आले होते. शनिवारी भेटतोय, नेरूळला.

---

नेरूळवासी

शाब्बास!

ताई, पनवेलची थेट लोकल ठाण्याला नऊ-दहा नंबरवरून सुटते. पण 21 ला रविवार आहे, ट्रान्स-हार्बरला मेगाब्लॉक आहे का ते शनिवारी रात्रीच बघून ठेवा. ब्लॉक असला तर सकाळी लवकर निघा.

---

मासुंदाकाठ

पहिल्या लोकलनं जाईन. मिसळ आदल्या रात्री आणून ठेवते.

---

घोडबंदर 40 फुटी

रस्सा फ्रीजमध्ये ठेवा हो!